काकांची उल्का: एका जड, काळ्या दगडाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी भूशास्त्र शिकलो, पोटापाण्याला दुसरंच काहीतरी करतो. पण ओळखीपाळखीत ‘याला दगडातलं कळतं’ एवढी ख्याती पुरते. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी पिशवीतून काही ना काही घेऊन येतं. बहुतेक वेळा गारगोटी निघते, कधी आत स्फटिक असलेली पोकळी, कधी पाण्यात झिजलेला काचेचा तुकडा. पाच मिनिटांत निकाल लागतो. हे प्रकरण मात्र सात महिने चाललं आणि त्यातले निदान चार माझ्यामुळे वाया गेले, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतो आहे. ज्यांचा दगड त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ठिकाण मुद्दामच दिलेलं नाही.

त्यांना मी काका म्हणतो. निवृत्त गृहस्थ, रोज सकाळी दोन-तीन तास रानातून चालणारे, नजर घारीची. दगड जुन्या टॉवेलात गुंडाळून आणला होता. टेबलावर ठेवला तेव्हा आवाजावरूनच वजन कळलं. मोठ्या माणसाच्या मुठीएवढा, काळाभोर, तुळतुळीत, आणि अंगभर अंगठा दाबल्यासारखे खळगे.

“उल्का आहे,” काका म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

आकाशातून येऊन जमिनीवर पोचलेल्या तुकड्याला शास्त्रात अशनी म्हणतात, पण बोलताना सगळे उल्काच म्हणतात, तेव्हा तो शब्द मी दुरुस्त केला नाही. दगड हातात घेतला आणि खरं सांगायचं तर मीही जरा हरखलो. जड, काळा, खळगेदार, चुंबकाला चिकटणारा दगड दिसला की कुणाचंही मन आधी आभाळात जातं.

अडचण

दगड ओळखायचा, एवढंच असतं तर सोपं होतं. पण तो माझ्याकडे यायच्या आधी त्याच्यावर तीन संस्कार झाले होते. काकांनी तो तारेच्या ब्रशने घासला होता. मग चमक यावी म्हणून तेल चोळलं होतं. आणि जुन्या स्पीकरमधलं दांडगं लोहचुंबक काढून ते त्यावर महिनाभर चिकटवून ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला बरं पडायचं.

यातलं प्रत्येक कृत्य पुराव्यावर बोळा फिरवणारं. वातावरणातून येताना अशनीचा पृष्ठभाग वितळतो आणि त्याच्यावर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं काळं कवच उरतं. ते ब्रशने खरवडलं जातं. तेल लावल्यावर कुठलाही काळपट दगड कवचासारखाच दिसतो. चुंबकाचं तर फार कमी लोकांना माहीत असतं. खऱ्या अशनीत कधीकधी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद शिल्लक असते, आणि ताकदवान चुंबक नुसतं टेकवलं तरी ती पुसली जाते. चुंबक लावून बघायचंच असेल तर साधं, कमजोर चुंबक दोऱ्याला टांगावं आणि दगड हळूच जवळ न्यावा. दोरा तिरका झाला की काम झालं.

चौथी गोष्ट मी त्या दिवशी अडचणीत धरलीच नाही. दगड कुठे सापडला असं विचारल्यावर काका म्हणाले, “तिकडे ओढ्याच्या बाजूला. झाली दोन-अडीच वर्षं.” मी मान डोलावली आणि पुढे गेलो.

यात दोन बाहेरचे दबावही होते. काकांनी घरात, नात्यात, चालायला येणाऱ्या मित्रांत सगळीकडे उल्का म्हणून सांगून टाकलं होतं. शिवाय एका संग्राहकाने नुसते फोटो पाहून विकत घ्यायची तयारी दाखवली होती आणि तो दर आठवड्याला फोन करत होता.

घरी केलेल्या तपासण्या

पहिल्यांदा घनता. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दगड ठेवला: १,२६२ ग्रॅम. मग पाण्याचं पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याने बांधून, तळाला किंवा कडेला टेकू न देता पाण्यात पूर्ण बुडवला. आकडा ३५१ वर थांबला. म्हणजे दगडाने ३५१ घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारलं. १,२६२ भागिले ३५१, घनता जवळजवळ ३.६. गारगोटीची घनता २.६५ असते, बेसाल्टची साधारण २.८ ते ३, मॅग्नेटाइट या लोहखनिजाची ५.२, शुद्ध लोखंडाची ७.९ च्या आसपास. सर्वांत जास्त आढळणारे दगडी अशनी, म्हणजे साधे काँड्राइट, ३.२ ते ३.८ मध्ये बसतात. आमचा आकडा बरोबर त्यात.

दुसरा कस. बिनझिलईच्या पांढऱ्या फरशीवर दगड घासला की खनिजाच्या भुकटीचा रंग उमटतो, आणि तो वरच्या रंगापेक्षा जास्त भरवशाचा असतो. हेमॅटाइट दिसायला काळा असला तरी कस तांबडा-तपकिरी देतो, मॅग्नेटाइट काळा देतो. अशनी म्हणून आणलेल्या दगडांत हे दोघे कायम असतात. आमच्या दगडाने पुसट करडी रेघ दिली. दोघेही बाद.

चुंबक: दोरा तिरका झाला, पण फार नाही. काँड्राइटलाही असाच होतो.

मग खिडकी. दगडाच्या एका टोकाला हिऱ्याच्या कानशीने नखाएवढी जागा सपाट घासली आणि बारीक पॉलिश कागदाने चकचकीत केली. दहापट भिंगाखाली काळसर करड्या पार्श्वभूमीवर पाच-सहा चांदीसारखे ठिपके चमकले. पृथ्वीवरच्या खडकांत शुद्ध धातुरूप लोखंड जवळजवळ नसतंच, कारण हवा-पाण्यात ते गंजून जातं. काँड्राइटमध्ये मात्र असतं. भिंग काकांच्या हातात दिलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

शेवटची निकेलची चाचणी. अशनीतल्या लोखंडात निकेल असतंच, साधारण पाच टक्क्यांपासून पुढे. अमोनिया आणि डायमिथिल ग्लायॉक्सिमच्या द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा धातूवर घासला तर निकेल असल्यास तो गुलाबी होतो. बोळा पांढराच राहिला. पुन्हा केलं. पांढराच.

इथे मी काय केलं ते बघा. कागदावर घनता, कस, चुंबक, धातू यांच्यापुढे बरोबरच्या खुणा होत्या. निकेलपुढे फुली मारायला हवी होती. मी प्रश्नचिन्ह काढलं. ठिपके बारीक आहेत, तेल लागलंय, द्रावण जुनं असेल, अशी कारणं मला पटापट सुचली. ती सगळी शक्य होती. पण बाकीच्या चार निकालांना मी एकही शंका विचारली नव्हती. आणि त्या चारांतला एकही ‘हा अशनीच’ असं म्हणत नव्हता, ‘असू शकेल’ एवढंच म्हणत होता. निकेलची चाचणी तेवढी ‘नाही’ म्हणू शकणारी होती, आणि तिने म्हटलंही होतं.

ठिपक्यांचंही तसंच. मी ‘धातू आहे का’ एवढंच बघितलं. काँड्राइटमधले धातूचे कण वेडेवाकडे असतात आणि सगळ्या दगडभर विखुरलेले असतात. आमचे ठिपके गोल होते, मण्यांसारखे, आणि एका कडेला गोळा झालेले. भिंगाखालचा तो फोटो आजही माझ्याकडे आहे. त्यात ते इतके स्वच्छ गोल दिसतात की लाज वाटते.

पर्याय

चार रस्ते समोर होते. संग्राहकाला विकून मोकळं व्हायचं. काकांना पैशाची गरज नव्हती, पण ‘कुणीतरी विकत घेतला’ हा शिक्का त्यांना हवासा वाटत होता. याला मी सरळ विरोध केला. ओळख पटायच्या आत विकलेला दगड पुढे खोटा निघाला तर नाव काकांचंच खराब होणार, आणि खरा निघाला तर अभ्यास करणाऱ्यांच्या हाताबाहेर जाणार.

दुसरा, अख्खा दगड प्रयोगशाळेत पाठवायचा. काकांची याला तयारी नव्हती. तिसरा, तुकडा कापून तपासायला द्यायचा. अशनीची अधिकृत नोंद मिटिऑरिटिकल सोसायटी करते, आणि त्यासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा २० टक्के भाग, यांतला जो कमी असेल तेवढा नमुना संस्थेच्या संग्रहात कायमचा ठेवावा लागतो. म्हणजे आज ना उद्या कापावं लागणारच होतं.

चौथा, जिथे सापडला तिथे जाऊन बघायचं. हा मी सुचवला, पण शेवटी, आणि अगदी सहज म्हणून. काका म्हणाले, “अरे, उल्का वरून पडते. ती कुठे पडली याने काय फरक पडतो?” मला त्या वेळी ते पटलं. पावसाळा तोंडावर होता, ओढ्याला पाणी येणार होतं, आणि माझं लक्ष कापण्याकडे लागलं होतं.

केलेली कृती

दगड कापणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. ‘आधी टोक काढा, मधोमध नको’ एवढं मी नशिबाने सांगितलं. पाण्याच्या धारेखाली पातं फिरत होतं, करडा गाळ वाहत होता. पंचवीस ग्रॅमचा तुकडा सुटून आला. कारागिराने तो पाण्यात बुडवून माझ्या हातात दिला आणि मी अंगठ्याने वरचा गाळ पुसला.

भोकं. टाचणीच्या टोकाएवढ्यापासून मुगाच्या दाण्याएवढी, आतून गुळगुळीत. मधल्या भागात गोल, कडेकडे लांबट ओढलेली. बुडबुडे होते ते. वितळलेल्या रसातून वायू निसटताना होतात तसे. अशनीत बुडबुडे जवळपास कधीच सापडत नाहीत. अपवाद आहेत, १९५७ साली ब्राझीलमध्ये पडलेला इबिटिरा हा त्यातला नावाजलेला. पण निकेलशिवायचं गोल लोखंड, वर बुडबुडे, आणि तरीही अपवादाची आशा धरायची, एवढं धाडस माझ्यात उरलं नव्हतं. घनतेचं कोडंही तिथेच सुटलं. मूळ पदार्थ ३.६ पेक्षा जड होता, पोटातल्या हवेने आकडा खाली ओढून बरोबर चुकीच्या रकान्यात बसवला होता.

तरी पक्कं करायचं म्हणून एका ओळखीच्या संशोधकाकडे तुकडा दिला. त्यांनी त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद केला. इतक्या जाडीला बहुतेक खनिजांतून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे रंग, आकार वाचता येतात. वाचन थोडक्यात असं: फायालाइट या लोहयुक्त ऑलिव्हीन खनिजाचे लांब, सुईसारखे स्फटिक, त्यांच्यामधून नेच्याच्या पानासारखं फुटत गेलेलं वुस्टाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, मधूनमधून लोखंडाचे गोल थेंब. निकेल नाही.

ही लोखंड गाळण्याच्या भट्टीतली मळी होती. जुन्या शब्दांत लोहकीट किंवा मंडूर. जुन्या पद्धतीच्या भट्टीत लोहखनिज आणि लोणारी कोळसा एकत्र पेटवून भात्याने हवा मारत. तापमान १,२०० अंशांच्या आसपास जायचं. लोखंड वितळायला १,५३८ अंश लागतात, म्हणून ते स्पंजासारख्या गोळ्यात घट्ट होत जायचं आणि खनिजातली माती-वाळू थोडं लोखंड पोटात घेऊन पातळ होऊन खाली उतरायची. तीच मळी. जिथे कोळशातला कार्बन जास्त मुरतो तिथलं लोखंड मात्र कमी तापमानाला वितळतं, त्याचे थेंब होतात आणि मळीत अडकतात. माझे चांदीचे ठिपके ते.

काकांना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

“म्हणजे कचरा?”

“कचराच, काका. पण कुणाचा आणि कधीचा?”

यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. “तरीच. घासताना खळग्यांतून काळी माती निघाली होती, कोळशासारखी. बोटं काळी झाली.”

दगड पुन्हा टेबलावर घेतला. अंगठ्याचे ठसे म्हणून आम्ही कौतुक केलेले खळगे तिरप्या उजेडात धरले. दोन-तीन खळग्यांच्या तळाशी बारीक, समांतर रेघा होत्या. लाकडाच्या धाग्यांच्या. मळी मऊ असताना कोळशाचे तुकडे तिच्यात रुतले होते.

पावसाळा सरल्यावर आम्ही दोघं ओढ्यावर गेलो. काकांना नेमकी जागा आठवेना. तीन वळणं पालथी घातली. तिसऱ्या वळणावर पाण्याने काठ कापला होता आणि कंबरेच्या उंचीवर मातीत हातभर लांबीचा काळा पट्टा दिसला: कोळशाचे तुकडे, लालसर भाजलेली माती, आणि मळी. खाली ओढ्याच्या पात्रात मळीचे तुकडे इतके होते की मोजायचं सोडून दिलं. काकांनी वर्षानुवर्षं ते ओलांडले होते. उचलला फक्त सगळ्यांत देखणा.

आणि इथे शेवटची चूक झाली. मी फोटोसाठी मोजपट्टी शोधत पिशवीत डोकं घातलं होतं. तेवढ्यात काकांनी काठातून अर्धवट बाहेर आलेली मातीची नळी ओढून काढली. बोटभर रुंद भोक, एक टोक काचेसारखं वितळलेलं. भात्याची हवा भट्टीत सोडणारी नळी. “बघ, केवढी अखंड निघाली!” त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला ओरडवेना. काठाची माती त्या जागी ढासळली होती.

पुन्हा केलं तर

सापडलेल्या जागेचा प्रश्न मी पहिल्या दिवशी लावून धरेन. दगडाला हात लावायच्या आधी नकाशावर बोट ठेवायला सांगेन, आणि आठवत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी सोबत चालत जाईन. सगळ्या चाचण्या मिळून चार महिने गेले. काठावरचा काळा पट्टा ओळखायला चार मिनिटंही लागली नाहीत.

ही काही नवी अक्कल नाही. १८०३ साली फ्रान्समधल्या लेगल गावाच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. दगड आकाशातून पडतात यावर तेव्हा बऱ्याच विद्वानांचा विश्वास नव्हता. चौकशीला गेलेल्या ज्याँ-बातिस्त बियो यांनी दगड तर तपासलेच, पण गावोगाव हिंडून ते कुठे कुठे पडले याची नोंद केली. शिवाय आसपासच्या भट्ट्या, कारखाने आणि खाणी यांतून निघणाऱ्या मालाशी आणि मळीशी या दगडांचं काही साम्य आहे का, हेही बघितलं. नव्हतं. त्यांच्या अहवालाने अशनी खरे ठरवले. दोनशेहून जास्त वर्षांनी, घनतेचा काटा आणि निकेलचं रसायन हाताशी असताना, मी आसपास भट्टी होती का हे विचारलं नाही.

कापण्याचा निर्णय मात्र मी बदलणार नाही. टोकाकडून, थोडंसं, आणि विकायच्या आधी, हे बरोबरच होतं. संग्राहकाला थोपवणंही बरोबर. त्याला खरी ओळख कळवल्यावर त्याचे फोन थांबले.

निकेलपुढच्या त्या प्रश्नचिन्हाचं काय करायचं याचा मी विचार केला. आता चाचणी करण्याआधीच कागदावर लिहितो: असं आलं तर अशनी नाही. निकाल हातात आल्यावर सबबी फार सुचतात.

आणि घासू नका, हे सांगायला मी आता लाजत नाही. कुणी फोनवर ‘एक दगड सापडलाय’ म्हटलं की माझं पहिलं वाक्य तेच असतं.

सध्याची स्थिती

पुरातत्त्वाचं काम करणाऱ्या मंडळींना आम्ही फोटो आणि ठिकाण कळवलं. ते येऊन गेले, काठाचं रेखाटन केलं, थर मोजले आणि पट्ट्यातून कोळशाचे नमुने स्वतः काढून नेले. कोळशाचं वय कार्बन-१४ वरून काढता येतं. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे माणसाने पेटवलेल्या भट्टीसाठी ही पद्धत सोयीची. निकाल अजून यायचा आहे. ब्रश मारण्यापूर्वी काकांच्या दगडाच्या खळग्यांतही असाच कोळसा होता, पण त्याचं आता काही होण्यासारखं नाही.

दगड काकांच्या कपाटात आहे. शेजारी कापलेलं टोक, आणि चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात: ‘लोखंडाची मळी, ओढ्याचं तिसरं वळण, पात्रातून उचलली.’ पाहुण्यांना ते आता बुडबुडे आणि लाकडाच्या रेघा दाखवतात. भिंग माझंच आहे, परत मिळालेलं नाही.

रेखाटनाची एक प्रत आम्हालाही मिळाली. त्यात काळा पट्टा, भाजलेली माती, मळीचे मोठे तुकडे सगळं मोजमापासकट आहे. नळीची जागा काकांनी आठवून दाखवली. आधी एक हात डावीकडे, मग म्हणाले नाही, जरा वर असेल. तिथे तुटक रेघेचं वर्तुळ काढून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेलं आहे.